कात्री धरलेला हात

सत्तेला चित्राची भीती वाटते. तोफा, तुरुंग आणि कोर्टकचेऱ्या बाळगणारी माणसं एका साध्या रेषेपुढं दचकतात, हे आजवर अनेक थोरांनी सांगून ठेवलं आहे, आणि आभा पुराणिकनं ते आपल्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत तळटिपेसकट घातलंही होतं. आभाच्या स्वतःच्या चित्रांना मात्र कोणी दचकत नसे. मागच्या दिवाळीत तिनं गावच्या पुढाऱ्यांना, भाईसाहबांना, भर सभेत घोरणारा कुंभकर्ण म्हणून काढलं, कानाशी ढोल, उशाला विकासकामांची फाईल. चित्र मोबाइलवरून झाशीभर फिरलं आणि तिसऱ्या दिवशी भाईसाहबांच्या कार्यालयातून फोन आला. आभा आधी गडूभर पाणी प्यायली, आवाज सारखा केला, मग तिनं फोन घेतला. "दीदी, भाईसाहब बहुत हँसे," पलीकडचा माणूस म्हणाला, "इसकी बड़ी फाइल मिल जाएगी क्या? जनमदिन का बैनर बनवाना है." फाईल द्यायची नाही असं तिनं ठरवलं, पण तोवर कोणीतरी मोबाइलवरचं चित्रच ताणून मोठं केलं होतं. खंडेराव गेटवर अकरा दिवस तो कुंभकर्ण झोपलेला होता. खाली पंधरा शुभेच्छुकांचे चेहरे होते, आणि तिची सही होती तिथं कोणाचा तरी फेटा आला होता.

तेव्हा मे महिन्यातल्या त्या गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला, माजघरातल्या टेबलाशी बसून प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणाचा निष्कर्ष लिहीत असताना, म्हणजे 'निष्कर्ष' एवढा एक शब्द लिहून कूलरकडं बघत असताना, फोन थरथरला आणि कुशलला नोटीस आल्याचं तिला कळलं. कुशल माने, तिच्याच वर्गातला, पहिल्या वर्षापासूनचा. त्यानं नोटिशीचा फोटो टाकला होता. कागद जरा तिरपा, वरची कड फोटोबाहेर गेलेली. पण 'श्री कुशल माने' स्पष्ट होतं, खाली 'उचित एवं कठोर कार्रवाई' स्पष्ट होतं, आणि जांभळा गोल शिक्का तर असा उमटला होता, की त्याच्याकडं बघत राहावं. शेजारी त्याचं चित्र. त्याखाली त्यानं दोनच शब्द लिहिले होते : 'डर गए?' चारशे लोकांनी ते आवडल्याचं कळवलं होतं, आणि आभा बघत असतानाच चारशेसहा झाले.

डाव्या बरगडीखाली तिला काहीतरी खुपलं. ही काळजी, असं तिनं स्वतःला सांगितलं. मित्रावर संकट आलं की माणसाला असं होतं. पण काळजी वाटली की माणूस फोटो दोन बोटांनी मोठा करून शिक्क्याची कड तपासत नाही, आणि त्या 'श्री'वर तर मुळीच थांबत नाही. श्री! पाच वर्षं कॉलेजच्या हजेरीत नुसता 'कुशल' होता, कॅन्टीनवाल्याकडं 'छोटू भैया' होता, आणि आज सरकारनं, साक्षात सरकारनं, त्याला श्री म्हटलं होतं. मग तिची नजर चित्रावर गेली. चित्र तिला पाठ होतं. तीनदा उद्घाटन होऊनही कोरडी राहिलेली पाण्याची टाकी. भाईसाहब नळ सोडताहेत आणि नळातून पाण्याच्या जागी लाल फीत येतेय, येतेय, बादल्या भरताहेत, बायका डोक्यावर फितीचे हंडे घेऊन चालल्याहेत. आणि पुढं, चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, ती फीत कापायला आलेला हात. कात्री धरलेला. अंगठ्याचं पेर सुजलेलं, करंगळी नको तितकी सभ्य. सगळं चित्र त्या हातावर उभं होतं. आणि तो हात आभानं काढला होता.

कुशलला हात काढता येत नाहीत. चेहरा म्हणाल तर पाच रेषांत, पोट म्हणाल तर एका रेषेत. पण मनगटाच्या पुढं गेला की त्याच्या कागदावर वांग्यांचा घोस उगवे. म्हणून त्याच्या नेत्यांचे हात कायम खिशात असत, पाठीशी असत, हारांत बुडालेले असत, आणि यात काहीतरी खोल भाष्य आहे असं लोक समजत. दुसऱ्या वर्षी एका चर्चासत्रात एका बाईंनी त्यावर पंधरा मिनिटं भाषण केलं होतं. कुशल मान डोलवत होता आणि आभा त्याच्या शेजारी बसून स्वतःच्या हातांकडं बघत होती. तिला हात यायचेच. बुंदेली भित्तिचित्रांतले हात हाच तिच्या प्रबंधाचा विषय होता. गेली दोन वर्षं ती पडक्या देवळांतून, राजांच्या समाधीवरच्या छत्र्यांतून, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्यात वही घेऊन, चेहरे गळून पडलेल्या राजांचे शाबूत हात उतरवत हिंडली होती. तर ठरलं होतं ते असं, की ती त्याला हात काढून देई आणि तो तिच्या चित्रांना ओळी लिहून देई, कारण आभानं स्वतः लिहिलेली ओळ तीन ओळींची होई आणि तिला तळटीप लागे. व्यवहार सरळ होता. फक्त ओळीखाली कुशल स्वतःचं नाव लिहायला लावी आणि हाताखाली आभा काही लिहीत नसे. हाताखाली लिहायचं तरी काय? त्या फेब्रुवारीतल्या दुपारी स्टुडिओत बसून वीस मिनिटांत तिनं तो हात काढला, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं भाईसाहब नव्हतेच. अप्पांचा हात होता, फाईलची दोरी कापताना दिसायचा तसा, तीस वर्षं शिक्के मारून अंगठ्याचं पेर सुजलेला. कुशल मागून वाकून बघत म्हणाला होता, "यार, तू तो जान डाल देती है." तेव्हा तिला बरं वाटलं होतं. आत्ता ते बरं वाटणं आठवून तिला स्वतःचा राग आला.

"अप्पा, कुशलला नोटीस आली," ती म्हणाली.

जनार्दन पुराणिकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. सिंचन विभागातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती, पण सरकारी कागद म्हटला की अजून ते चष्मा पुसत. "कुठल्या धारेखाली?"

"धारा काय विचारता? चित्र काढलं म्हणून आलीय. हे बघा."

त्यांनी फोन हातभर लांब धरला. "विषय कुठंय?"

"कसला विषय?"

"नोटिशीत वर विषय असतो. वाचायचा तो तेवढाच. खालचं सगळं छापील. हे 'कठोर' मी तीस वर्षं लिहिलं. कोणावर कसली कठोर?"

"वरचं फोटोत आलं नाही."

"मग ही नोटीस नाही," अप्पा फोन परत देत म्हणाले, "फोटो आहे."

आतून आई आली. इंदूताईंनी सगळं ऐकलं होतं, त्यांना पटलं तेवढं. "पकडतील का गं त्याला? रविवारी पहाटे तर खळ घेऊन गेला. चांगली मोरचूद घालून शिजवून दिली मी. आपली खळ लावून पोरगा तुरुंगात जायचा. आणि डबा अजून आला नाही."

"आई, डब्याचं काय मध्येच?"

"डबा स्टीलचा आहे."

फोन पुन्हा थरथरला. कुशलच. त्याच्या घरात मराठी फक्त सणावारी बोलत; आभाशी तो दोन वाक्यं मराठीत बोले आणि तिसऱ्याला हिंदीत उतरे. "पाहिला?"

"पाहिलं."

"दिल्ली के एक पोर्टल से फोन आया था. मुलाकात पाहिजे म्हणे. वकील करावा लागेल बहुतेक." त्याचा आवाज रात्रभर जागलेल्या, पण चांगल्या कारणानं जागलेल्या माणसाचा होता. "ऐक ना, तू घाबरू नको. तुझा नाव मी कुठंच नाही घेतला. पोर्टलवालों ने पूछा, अकेले बनाया? मी म्हटलं, हो, अकेले. मी तुला वाचवला."

"वाचवलं?"

"तेरी डिज़र्टेशन है यार. तुला कशाला या लफड्यात."

"थँक्यू," आभा म्हणाली, आणि तिला वाटलं हा शब्द आपण दातांनी तोडून बाहेर टाकला.

टेबलाशी परत येऊन ती बसली. कूलर घरघरत होता, त्याच्या गवताचा ओला वास माजघरात भरला होता. गाइड मॅडमचा निरोप येऊन पडला होता : 'निष्कर्ष आज पाँच बजे तक भेज दें. कल जमा करना है.' वाचवलं. ती तो शब्द उलटून पालटून बघत होती. लहानपणी वाड्याच्या गल्लीत गणपतीची मिरवणूक निघे, झाशीतली सगळी मराठी घरं मिळून दीडशे माणसं, त्यात लेझीम मुलगे खेळत आणि मुलींना चपला सांभाळायला बसवत. तुम्हाला लागेल म्हणून. कोणालाच कधी काही लागलं नाही. चपला मात्र तिनं चांगल्या सांभाळल्या, एकही हरवली नाही, आणि शेवटी बक्षीस म्हणून तिला एक मोदक जास्त मिळाला. त्या मोदकाची चव, तुपाची आणि आतल्या कोंडलेल्या वाफेची, या क्षणी तिच्या जिभेवर आली. तो मोदक तिला थुंकून टाकावासा वाटला. दोन वर्षं तिनं ज्यांचे हात उतरवले त्या चित्रकारांची नावंही कोणी लिहून ठेवली नव्हती. राजाचं नाव होतं, देवाचं होतं, घोड्यांचीसुद्धा होती. पण ते बिचारे मेलेले होते. त्यांना चारशे लोकांना आवडलेलं बघावं लागत नव्हतं. आणि नोटीस काय, ती तर तिला यायला हवी होती. तिनं मनातल्या मनात ती आणून पाहिली. दारात पोस्टमन, 'सुश्री आभा पुराणिक', आईची रडारड, अप्पा चष्मा पुसताहेत. तुरुंगाचं तिला फारसं काही वाटेना. नाव बरोबर लिहिलंय की नाही, एवढंच ती पुन्हा पुन्हा बघत होती.

तेव्हा तिनं नवी फाईल उघडली आणि अर्ज लिहायला घेतला. हिंदीत. मराठीत ती फक्त भांडत असे. हिंदीत लिहायला बसली की तिचा कणा ताठ होई. सविनय निवेदन आहे की, उक्त चित्राच्या दक्षिण, म्हणजे उजव्या, कोपऱ्यातला, कात्री धरलेला हात हा प्रार्थिनीनं काढलेला आहे. त्याचा अंगठा, पेरांची ठेवण आणि करंगळीचा बाक पाहिल्यास तो बुंदेली भित्तिचित्रांच्या हस्तपरंपरेतून आलेला आहे हे कोणाही जाणकाराच्या ध्यानात येईल. त्या परंपरेत चेहरा राजाचा असे, आज्ञा राजाची असे, पण कृती नेहमी हात करी; आणि हात कोणी काढला हे लिहून ठेवण्याची चाल नव्हती, त्यामुळं शंभर वर्षांनी श्रेय आणि दोष दोन्ही चुकीच्या माणसांच्या नावे जमा झाले आहेत. असा अन्याय पुन्हा होऊ नये म्हणून प्रार्थिनीचं नाव सदर नोटिशीत सामील करावं. दीड तासात चार पानं झाली. चौथ्या प्रकरणाच्या निष्कर्षासाठी ती तीन आठवडे एका वाक्याशी झगडत होती, आणि इथं वाक्यं आपणहून येऊन रांगेत उभी राहत होती. मग दुसऱ्या फाईलमध्ये तिनं निष्कर्षाचंही एक पान कसंबसं ओढलं, जुन्या टिपणांतून, चवीपुरतं मीठसुद्धा न घालता, आणि दोन्ही फायलींना 'अंतिम' असं नाव दिलं. एक मॅडमना पाठवली, एक पेन ड्राइव्हवर घेतली आणि ओढणीनं डोकं बांधून स्कूटर काढली.

सदर बाजारात लू इतकी होती की दुकानांचे पडदेसुद्धा आत बघून उभे होते. फोटोकॉपीवाला, ज्याच्याकडं तिच्या प्रबंधाची बांधणी ठरली होती, तिला बघून लाल रेक्झिन काढायला उठला. "हो गई दीदी?"

"वो कल. आज ये छाप दो."

पानं यंत्रातून येताना त्यानं पहिलं पान वाचलं, मग तिच्याकडं पाहिलं, मग पुन्हा पान वाचलं. "दीदी, लोग नाम कटवाने जाते हैं," तो म्हणाला.

शिक्क्यावर नाव होतं त्या नगर निगमच्या कार्यालयात पंखे तीन होते आणि फिरत एक होता, म्हणून सगळी टेबलं त्याच्याखाली ओढलेली होती. ज्यांच्याकडं पाठवलं ते दामोदरजी, डोक्यावर ओला रुमाल ठेवून, टरबूज खात होते. आभानं अर्ज पुढं केला. त्यांनी बोटं पुसली, चारही पानं उलटून पाहिली, जशी लग्नपत्रिका पाहतात.

"कहाँ चिपकाया था?"

"चिपकाया नहीं, बनाया है. हाथ मैंने बनाया है."

"बनाने का हमारे यहाँ कुछ नहीं है, बिटिया," दामोदरजी शांतपणे म्हणाले, "चिपकाने का है."

त्यांनी फाईल उघडली. विषय होता. वर, ठळक, अधोरेखित : सार्वजनिक दीवार पर बिना अनुमति काग़ज़ चिपकाए जाने के संबंध में. खाली मानिक चौकातल्या गोदामाच्या भिंतीचा फोटो, आणि मग यादी. एक, रेल्वे भरतीचं कोचिंग. दोन, बवासीरवाले, म्हणजे मूळव्याधीचे, वैद्यजी. तीन, सर्कस, जी निघून गेली होती. चार, हरवलेल्या म्हशीचा मालक. पाच, आणखी एक कोचिंग. सहा, श्री कुशल माने. सात, भाईसाहबांच्या वाढदिवसाची समिती. सगळे श्री होते. म्हशीचा मालकही श्री होता. आभा फोटोवर वाकली. कुशलचं चित्र तिथं होतं, तळहाताएवढं, हललेलं. नळ दिसत होता, हंडे अंधुक दिसत होते. उजव्या कोपऱ्यावर कोचिंगवाल्यानं आपला कागद चढवला होता. 'शर्तिया सफलता', म्हणजे हमखास यश. हात त्याच्याखाली होता.

"चित्रात काय आहे ते कोणी बघितलं नाही?" तिनं विचारलं. मराठीत विचारलं हे तिच्या मागाहून ध्यानात आलं. पण दामोदरजींना झाशीत पन्नास वर्षं झाली होती, त्यांना समजलं.

"किसने देखा होगा? फोटोवाला लड़का मोटरसाइकल पे बैठे-बैठे खींच लाया." मग तिच्याकडं बराच वेळ बघून त्यांना तिची दया आली असावी. "लेई किसने बनाई थी?"

"हमारे घर बनी थी." त्यांची लेई म्हणजे आईची खळ.

"तो फिर हो गया," ते म्हणाले, आणि कुशलच्या नावापुढं त्यांनी निळ्या शाईनं, चांगल्या अक्षरात लिहिलं : एवं अन्य. "तीन दिन में साफ करवा दो, बात खतम."

अर्जाची पोचपावती घेऊन बाहेर आल्यावर ती स्कूटरच्या तापलेल्या सीटवर तशीच बसली. भाजलं, पण उठावंसं वाटेना. बरगडीखालचं ते खुपणं नाहीसं व्हायला हवं होतं. हेवा करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पण ते तिथंच होतं, आता कशावर टेकावं हे न कळून इकडं तिकडं सरकत होतं. आपण अन्य झालो, असं तिनं एकदा पुटपुटून पाहिलं. फोन वाजला. मॅडमचा निरोप. 'निष्कर्ष पढ़ा. अब तक का तुम्हारा सबसे अच्छा लेखन. बस अंत से "प्रार्थिनी" हटा दो, और नोटिस वाला हिस्सा रूपक है तो स्पष्ट करो.' आभानं हातातल्या पोचपावतीकडं पाहिलं, मग फोनकडं. दोन्हीकडं अर्जाचीच 'अंतिम' गेली हे तिला कळलं, आणि ते कोणालाही सांगायचं नाही हे तिनं त्याच मिनिटाला ठरवलं.

मानिक चौकात ती पोचली तेव्हा सहा वाजत आले होते. कुशल भिंतीशी उभा होता, पायाशी बादली, बादलीतून वाफ येत होती, एका हातात नारळाची शेंडी. शेजारी आईचा स्टीलचा डबा. तिला बघून त्यानं शेंडी बादलीत बुडवली.

"तुला कोणी सांगितला?"

"दामोदरजींनी. वरची कड तूच कापलीस ना फोटोतली?"

तो शेंडी पिळत राहिला. "कापली नाही. ॲडजस्ट केली." मग एकदम, "पोर्टलवालों को भी पता चल गया. वो अब आनेवाले नहीं हैं." आणि अगदी खालच्या आवाजात, "यार, एक दिन तो अच्छा गया."

तो दिवस तिला मिळाला नव्हता. ती बाह्या वर सारून भिंतीशी गेली. म्हशीच्या मालकानं आपला कागद आधीच काढून नेला होता, म्हैस सापडली असावी. गरम पाण्यानं आईची खळ लगेच नरमली, डाव्या कडेनं चित्र सोलत आलं, बायका, हंडे, नळ, भाईसाहब, सगळे अलगद, न फाटता, कुशलच्या हातात येत गेले. "पूरा निकल रहा है," तो हरखून म्हणाला, "फिर से लगा सकते हैं कहीं." उजवा कोपरा येईना. आभानं नखं घातली, पाणी ओतलं, पुन्हा ओतलं, चौकातली दोन माणसं बघायला थांबली. शेवटी दोघांनी मिळून ओढलं तेव्हा चित्र कोपऱ्यापाशी फाटलं आणि तेवढा हात भिंतीवरच राहिला, 'शर्तिया सफलता'च्या खाली.

कोचिंगवाले खळीत फेविकॉल घालतात.